पंडिता रमाबाई : पाहिले ते लिहिणारी

जळगाव-भुसावळकडून मनमाडमार्गे पुण्यास जाणारी आगगाडी दौंड सोडते आणि थोड्याच वेळात केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. (अहिल्यानगरजवळचे केडगाव निराळे.) आपल्या खानदेशातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी वा औषधोपचारासाठी पुण्याची वाट धरणाऱ्या अनेकांनी ती पाटी खिडकीतून वाचली असेल. याच केडगावी पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे आणि येथेच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. २०२२ साली त्या घटनेस शंभर वर्षे पूर्ण झाली.

रमाबाईंचे नाव महाराष्ट्रास अपरिचित नाही. कोणी त्यांना संस्कृत विदुषी म्हणून ओळखतात, कोणी विधवांची माउली म्हणून, तर कोणी धर्मांतरामुळे वादात सापडलेली स्त्री म्हणून. या तिन्ही ओळखी खऱ्याच आहेत. परंतु त्यांच्या जीवनाचे एक अंग आम्हास फारसे चर्चिलेले दिसत नाही, आणि ते म्हणजे त्यांची लेखणी. रमाबाई कोणत्याही वृत्तपत्राच्या पगारी नोकर नव्हत्या. तरीही एखाद्या सचोटीच्या वार्ताहराने जे करावयास हवे तेच त्यांनी आयुष्यभर केले. घटनेच्या जागी जाऊन त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, नोंद घेतली, आकडे गोळा केले, आणि स्वतःच्या नावानिशी ते जगापुढे मांडले. समोर शास्त्री आहेत, इंग्रज सरकार आहे की स्वतःची ख्रिस्तसभा, याचा हिशेब त्यांनी केला नाही. त्याची किंमत मात्र त्यांना प्रत्येक वेळी मोजावी लागली. ही कहाणी त्या दृष्टीने सांगावी असे आम्ही योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या अरण्यात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रीने देववाणी शिकू नये हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. त्याबद्दल त्यांना उडुपी येथे पंडितांपुढे आपली बाजू मांडावी लागली. शास्त्राधारे त्यांनी ती मांडली आणि नंतर अरण्यात आश्रम थाटला. पुढे संपत्ती आटली व कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. त्या वेळी रमा अवघ्या सहा महिन्यांची होती. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला वाहून नेण्यात आले. गावोगावी, घाटाघाटांवर पुराण सांगावे आणि मिळेल त्या दक्षिणेवर दिवस काढावे, हा या कुटुंबाचा जीवनक्रम होता. शाळा अशी रमेने कधी पाहिलीच नाही. आईने पहाटे अंथरुणातच शिकविलेले श्लोक हेच तिचे शिक्षण. बाराव्या वर्षापर्यंत भागवत पुराणाचे सहस्रावधी श्लोक तिला मुखोद्गत होते.

१८७४ नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत या कुटुंबावर घाला आला. पुराण ऐकणाऱ्यांच्याच घरी धान्य नव्हते, तेव्हा दक्षिणा कोठून येणार? शास्त्रीबोवांचे कुटुंब मोलमजुरी करू जाणत नव्हते आणि भीक मागणे त्यांच्या जिवावर येई. आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण, अशी एकामागून एक माणसे उपासमारीने गेली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघांनी हिंदुस्थानचा फार मोठा भाग पायी पालथा घातला. भूक म्हणजे काय हे रमाबाईंनी पुस्तकातून जाणले नव्हते, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. वीस-बावीस वर्षांनी त्या पुन्हा दुष्काळात उभ्या राहणार होत्या, तेव्हा हा अनुभवच त्यांच्या लेखणीत उतरणार होता.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या या तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता, प्रांत निराळा, भाषा निराळी. त्या काळात केवढे वादळ उठले असेल याची कल्पना करावी. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या प्रारंभी बिपिनबाबू पटकीने गेले. तेविसाव्या वर्षी पदरी तान्ही मुलगी घेऊन रमाबाई विधवा झाल्या व महाराष्ट्रात परतल्या.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि स्त्रीधर्मनीति हे पहिले पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा पुढे इंग्लंडच्या प्रवासास उपयोगी पडला. त्याच वर्षी शिक्षणाची पाहणी करणारे हंटर कमिशन पुण्यास आले व त्यापुढे रमाबाईंची साक्ष झाली. स्त्रियांना शिकविण्यास स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांना तपासण्यास स्त्री डॉक्टर हव्यात, अशी त्यांची मागणी होती. परपुरुष वैद्यास नाडीही न दाखविता हजारो बायका मरतात, हे त्यांनी सरकारी आयोगास तोंडावर सांगितले. आज आपल्या धुळे-जळगावच्या रुग्णालयांत स्त्री डॉक्टर असणे आपणास इतके स्वाभाविक वाटते की, हे कधी कोणास मागावे लागले होते हेच आपण विसरतो.

स्वतः डॉक्टर व्हावे या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. परंतु कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील ॲंग्लिकन पंथाच्या धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनींचे कार्य पुण्यातही होते. मराठी धर्मपंडित फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लिखाणाने त्यांच्या अनेक शंका फिटल्या होत्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी कन्येसह स्नानसंस्कार स्वीकारला. महाराष्ट्रात संताप उसळला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये आपल्या सत्सार या नियतकालिकातून त्यांची बाजू घेतली.

आता थोडे विषयांतर. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. आरंभी त्या ॲंग्लिकन पंथात होत्या व उत्तरायुष्यात कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत राहिल्या नाहीत. कॅथलिक वाचकांसाठी त्यांच्याविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तैक्याविषयीचा हुकूमनामा काढून, आपल्यापासून विभक्त असलेल्या बंधुभगिनींमधील सद्गुण आनंदाने मान्य करण्यास आपणास शिकविले आहे. परंतु दुसरे कारण आम्हास अधिक मोलाचे वाटते. आज्ञापालन आणि सदसद्विवेक यांचा झगडा आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाट्यास येतो, आणि रमाबाईंच्या पत्रव्यवहारात तो झगडा जितका उघडा दिसतो तितका क्वचितच कोठे दिसतो.

झाले असे. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात रमाबाई शिकत होत्या व संस्कृत शिकवीतही होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची कल्पना पुढे आली तेव्हा हिंदुस्थानातील ॲंग्लिकन महागुरूंनी हरकत घेतली. मायदेशी परतल्यावर याने तिच्या नावास बाध येईल, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईने हिंदुस्थानभर पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिली होती तिला हे कसे मानवावे? तिने आपली नाराजी स्पष्ट शब्दांत लिहून कळविली. धर्मतत्त्वांच्या बाबतीतही तेच. त्रैक्याचे तत्त्व असो वा पंथाचे नियम, अंतःकरणास पटल्यावाचून केवळ सांगितले म्हणून त्या होकार देईनात. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का, आपल्या संस्कृतात का नकोत, हाही त्यांचा प्रश्न होता. मांसाहार त्यांनी केला नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना या साऱ्यात अहंकार दिसे, आणि उभयतांतील पत्रे वाचताना दोघींच्या मनास किती यातना झाल्या असतील हे जाणवते. कॅथलिक धर्मगुरू या नात्याने आम्ही त्रैक्याच्या बाबतीत रमाबाईंची बाजू घेऊ शकत नाही, हे उघड आहे. पण ज्या प्रामाणिकपणे त्यांनी न पटलेले न पटलेले म्हणूनच लिहिले, त्याचा आदर केल्यावाचून राहवत नाही. विशेष म्हणजे ही सारी पत्रे जपून, क्रमवार लावून ठेवण्याचे काम सिस्टर जेराल्डिन यांनीच केले. त्यांत त्यांच्यावरचा राग आहे तीसुद्धा त्यांनी फाडली नाहीत. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने हा पत्रव्यवहार इंग्रजी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, म्हणून आज आपण तो वाचू शकतो.

१८८६ च्या मार्च महिन्यात आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानास म्हणून रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात क्षयाने वारल्या. त्या १८८७ सालीच रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले व त्याच्या हजारो प्रती हातोहात खपल्या. या पुस्तकाची रचना पाहण्याजोगी आहे. मुलीच्या जन्मापासून बालविवाह, सासुरवास आणि वैधव्य असा एका स्त्रीचा सारा प्रवास त्यात मांडला आहे. जनगणनेचे आकडे दिले आहेत, शास्त्रवचने तपासली आहेत. आणि न्यायालयातला एक ताजा खटलाही आहे. मुंबईच्या रखमाबाईंनी बालपणी लावून दिलेल्या विवाहास नकार दिला होता, तरी १८८७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना पतीच्या घरी जाण्याचा वा तुरुंगात जाण्याचा पर्याय दिला होता. परदेशी वाचकांना हिंदू चालीरीतींच्या कथा सांगून टाळ्या मिळविणे सोपे होते. रमाबाईंनी त्याच वाचकांना सांगितले की, या अन्यायात इंग्रज सरकारचे न्यायालयही भागीदार आहे. मुलीच्या बाजूने उभे राहण्यापेक्षा पुरुषवर्गाची मर्जी राखणे सरकारास सोयीचे वाटते. ज्यांच्याकडून मदत मागावयाची त्यांनाच आरसा दाखविण्याचे हे धैर्य आम्हास फार मोठे वाटते.

तोच न्याय त्यांनी अमेरिकेलाही लावला. मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती व आपला प्रवास यांवर मराठीत मोठे पुस्तक प्रसिद्ध केले. तेथील राज्यव्यवस्था, शाळा, हिवाळा, बायकांच्या संस्था व बायकांनी चालविलेली वृत्तपत्रे यांचे वर्णन त्यात कौतुकाने आले आहे. परंतु तेथील मूळ रहिवाशांवर झालेले अत्याचार आणि काळ्या लोकांची गुलामगिरी व त्यानंतरही उरलेला द्वेष, हेही त्यांनी मराठी वाचकांपासून लपविले नाही. आपल्याकडे परदेशवर्णने बहुधा एक तर भारावून लिहिली जातात किंवा नाके मुरडून. हे पुस्तक दोन्ही दोषांपासून बरेच दूर आहे.

बॉस्टनमधील मित्रमंडळींनी १८८७ च्या अखेरीस रमाबाई असोसिएशन स्थापून दहा वर्षे साह्य देण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. त्या वेळी आपल्या जळगावजवळच्या आसोद्यात बहिणाबाई नावाची एक मुलगी आठ वर्षांची होती. तेराव्या वर्षी ती चौधरींच्या घरी सून म्हणून आली, तिशीच्या सुमारास विधवा झाली आणि उभ्या जन्मात तिला अक्षरओळख कोणी करून दिली नाही. तिच्या ओव्या आज महाराष्ट्र गातो, पण कागदावर उतरविण्यास घरातील दुसऱ्यांचे हात लागले. ज्यांच्या कंठात ओव्या नव्हत्या अशा कितीतरी जणी आपल्या शेतशिवारांत तशाच मिटून गेल्या असतील. शारदा सदनात पहिल्याप्रथम आलेली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू हिचा पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. महर्षी कर्व्यांच्या कार्यात आनंदीबाई म्हणून नावाजल्या त्या याच. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, त्यास मोजक्याच स्त्रिया हजर होत्या व त्यांत रमाबाई होत्या. त्याच वेळी भरलेल्या सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्या बोलल्या.

१८९० मध्ये सदन पुण्यास हलले आणि मग ठिणगी पडली. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असे अभिवचन होते. रमाबाई स्वतः पहाटे प्रार्थना करीत, दार बंद करीत नसत, आणि मुली येऊन बसत. केसरीने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला व पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. या वादात सारा दोष एका बाजूचा होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्या आईबापांनी अभिवचनावर विसंबून मुली पाठविल्या त्यांची भीती समजण्यासारखी होती. परंतु विधवा मुलीचे डोके भादरले जाताना जो समाज गप्प होता, तोच तिने कोणाच्या प्रार्थनेत बसावे यावर इतका पेटून उठावा, ही गोष्टही नोंदविल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आता आम्ही १८९६-९७ या काळाकडे येतो. दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळला होता. मुंबईहून तिकडे जाणारा लोहमार्ग आपल्या भुसावळवरून जातो. त्या वर्षी खानदेशातही अन्नाची वानवा होती. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी गरीबखाने आणि मदतकेंद्रे त्यांनी आत जाऊन पाहिली. कागदोपत्री सर्वांना अन्न मिळत होते. प्रत्यक्षात धान्यात माती मिसळलेली होती, आजारी व धडधाकट एकत्र कोंबलेले होते, आणि निराधार मुलींवर देखरेखीसाठी नेमलेली माणसेच त्यांचा घात करीत होती. मुलींना पळवून नेऊन वाईट धंद्यास लावणारे दलाल तेथे घिरट्या घालीत होते. हे सारे रमाबाईंनी लिहून काढले व छापून प्रसिद्ध केले. त्या लेखनात आरंभी त्यांनी आपल्याच बालपणीच्या उपासमारीची हकीकत सांगितली आहे, कारण भुकेलेल्या मुलीस पाहून त्यांना स्वतःचीच आठवण येत होती. शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी सोबत आणल्या.

पुण्यात मात्र प्लेग होता. दुष्काळग्रस्त मुलींचा एवढा मोठा जथा शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. असोसिएशनचे दहा वर्षांचे साह्य संपल्यावर उत्पन्नाची सोय असावी म्हणून रमाबाईंनी केडगावी जमीन घेऊन फळझाडे लावली होती. त्या माळावर तंबू आणि झोपड्या उभारून मुलींची व्यवस्था करण्यात आली. मुक्ती सदनाची सुरुवात ही अशी आहे.

आणि त्याच सुमारास ते पत्र प्रसिद्ध झाले. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड साहेबांच्या देखरेखीखाली घरोघर झडत्या चालू होत्या, संशयित रुग्णांना सक्तीने रुग्णालयात व छावण्यांत नेले जात होते. १८९७ च्या मे महिन्यात रमाबाईंनी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती साप्ताहिकात सरकारी प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या दुःस्थितीविषयी जाहीर पत्र लिहिले. तेथे स्त्रियांच्या अब्रूच्या रक्षणाची काहीच सोय नाही, हे त्यांनी मांडले. शारदा सदनातून नेलेल्या एका मुलीच्या वाट्यास काय आले, तेही लिहिले. सही स्वतःची केली.

या पत्राचे मोल समजण्यासाठी तेव्हाची परिस्थिती ध्यानी घ्यावयास हवी. पुण्यातील सनातनी मंडळी त्यांच्या विरुद्ध होतीच. सुधारक दूर झाले होते. उरला होता तो राज्यकर्त्यांचा व ख्रिस्ती समाजाचा आसरा, आणि पत्र लिहावयाचे होते ते त्याच राज्यकर्त्यांविरुद्ध. एक शब्द न लिहिता त्या स्वस्थ राहिल्या असत्या तर कोणी त्यांना दोष दिला नसता. पत्राचा गवगवा थेट विलायतेपर्यंत झाला. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. पुण्यातील स्त्रियांच्या विटंबनेविषयी त्यांनी तेथे जाहीर वाच्यता केली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे आरोप साफ नाकारले. २२ जून रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि सरकार चवताळले. जुलैच्या अखेरीस टिळकांना राजद्रोहाखाली पकडण्यात आले. गोखले परतले तेव्हा त्यांना माहिती पुरविणारे पुढे येईनात, म्हणून पुरावा देता येईना, आणि त्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. चार वर्षांपूर्वी ज्या केसरीने रमाबाईंवर आग पाखडली होती तो केसरी आणि रमाबाई, दोघेही त्या उन्हाळ्यात एकाच जुलमाविरुद्ध लिहीत होते, ही इतिहासाची गंमत फार थोड्यांच्या ध्यानी आली आहे.

दोन-तीन वर्षे उलटली नाहीत तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ वरून गुजरातेत त्यास छप्पनियो म्हणतात. मुंबई इलाख्यात गुजरातच्या जिल्ह्यांबरोबर खानदेशही त्यात होरपळून निघाला. (तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता, धुळे आणि जळगाव अशी पश्चिम-पूर्व फाळणी १९०६ ची.) गुजरातेतून शेकडो मुली केडगावी आणल्या गेल्या व मुक्ती सदनातील संख्या दीड हजारांपलीकडे गेली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन, अशा शाखा निघाल्या. मनोरमाबाईंनी अंधांना ब्रेल लिपी शिकविली. इतक्या माणसांना रोज दोन वेळा जेवू घालणे हे केवढे काम, हे वसतिगृह चालविणाऱ्या आमच्या धर्मभगिनींना विचारावे. विहिरी खोदल्या, गाईम्हशी पाळल्या, तेलघाणी, विणकाम, शिवणकाम सुरू झाले. रमाबाईंचा कटाक्ष असा की, येथून बाहेर पडणाऱ्या बाईच्या हातात पोट भरण्याचे कसब असले पाहिजे.

त्या कसबांतील एक छपाईचे होते. केडगावी छापखाना उभा राहिला व तो स्त्रियांनीच चालविला. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, यंत्र चालविणे, बांधणी करणे, ही कामे त्या काळात पुरुष कामगारांची मानली जात. दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडलेल्या मुली येथे ती करू लागल्या. सदनाची वार्तापत्रे व पुस्तिका याच छापखान्यातून निघू लागल्या आणि देशोदेशी जाऊ लागल्या.

आयुष्याची अखेरची सुमारे पंधरा-सोळा वर्षे रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या भाषांतरास वाहिली. प्रचलित मराठी भाषांतर साध्या बायाबापड्यांना कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतावर असे प्रभुत्व असलेल्या विदुषीने जाणूनबुजून साधी, बोलण्यातली मराठी निवडावी, यातच त्यांचा वाचक कोण होता ते कळते. त्या भाषांतराच्या काही शब्दांविषयी जाणकारांत मतभेद आहेत व त्याची शैली कोठे कोठे ओबडधोबड आहे, हेही खरे. तरी जुना व नवा करार दोन्ही मूळ भाषांवरून मराठीत आणणारी एकटी स्त्री, ही घटना जगाच्या ख्रिस्ती इतिहासातही दुर्मीळ आहे.

सरकारने १९१९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. ज्या सरकारने बावीस वर्षांपूर्वी त्यांस खोटे ठरविले होते त्याचेच हे पदक. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई चाळिसाव्या वर्षी वारल्या. कार्य जिच्या हाती सोपवावयाचे ती कन्याच आधी गेली. तरी मुद्रिते तपासण्याचे काम रमाबाईंनी थांबविले नाही. भाषांतराचे अखेरचे काम हातावेगळे केल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे, झोपेतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. केडगावच्या छापखान्यातील स्त्रियांनी खिळे जुळवून संपूर्ण पवित्र शास्त्र छापले व ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.